सिझेरियनमध्ये भूल कच्ची राहू नये म्हणून: वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरं

सिझेरियन आणि भूल या विषयावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. काही बाळंतिणींच्या घरून आली, काही रुग्णालयात काम करणाऱ्यांकडून. पूर्ण भूल दिलेली असताना मध्येच जाग येण्याविषयीचे प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. औषधांच्या मात्रा लिहिल्या आहेत त्या डॉक्टर आणि परिचारिका वाचकांसाठी. घरच्यांनी त्यातून एवढंच घ्यावं की टेबलावर काय चाललेलं असतं आणि आपण काय विचारू शकतो.

प्रश्न (चोपडा): माझ्या भावजयीचं दिवाळीत सिझर झालं. कमरेतलं इंजेक्शन नीट लागलं नाही म्हणून पूर्ण भूल दिली. घरी आल्यावर ती म्हणाली, ‘माले समदं ऐकू येत व्हतं, पण हात हालत नव्हता.’ घरात सगळे म्हणतात, स्वप्न पडलं असेल. खरंच असं होऊ शकतं का?

होऊ शकतं. आधी तिच्यावर विश्वास ठेवा. ‘स्वप्न असेल’ असं घरच्यांनी म्हटलं की बाई पुन्हा तो विषय काढत नाही आणि मनात ते घट्ट बसतं.

पूर्ण भूल म्हणजे एकच औषध नसतं. झोप आणणारं औषध वेगळं, वेदना मारणारं वेगळं आणि स्नायू सैल करणारं वेगळं. स्नायूंचं औषध दिल्यावर बोट हलवता येत नाही, डोळा उघडता येत नाही, श्वाससुद्धा मशीन देतं. पण त्या औषधाने झोप येत नाही. झोपेचं औषध कमी पडलं किंवा लवकर उतरलं आणि स्नायूंचं औषध अजून चालू असलं, की बाई आतून जागी आणि बाहेरून निपचित, अशी स्थिती येते. हात हलत नव्हता हे तुमच्या भावजयीचं वर्णन याच्याशी तंतोतंत जुळतं.

किती वेळा होतं? ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीचा अहवाल २०१४ साली आला. सगळ्या प्रकारच्या पूर्ण भुलीत मिळून साधारण १९,००० रुग्णांमागे एकीने किंवा एकाने अशी तक्रार केली होती. सिझेरियनमध्ये मात्र हे प्रमाण ६७० मागे १ होतं. पुढे इंग्लंडमध्ये बाळंतिणींना शस्त्रक्रियेनंतर मुद्दाम, पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. २०२१ च्या त्या अभ्यासात सिझेरियनसाठी आकडा २१२ मागे १ निघाला. विचारलं नाही तर बऱ्याच जणी सांगतच नाहीत, हा त्या फरकाचा अर्थ.

सिझेरियनमध्ये जास्त का, याची कारणं एकावर एक साचलेली असतात. बहुतेक वेळा घाई असते आणि वेळ रात्रीची. पोट भरलेलं असू शकतं म्हणून औषधं पटापट देऊन लगेच श्वासासाठी घशात नळी घालावी लागते. बाळ बाहेर येईपर्यंत अफूवर्गीय वेदनाशामक सहसा देत नाहीत. गरोदरपणात घशात सूज असते, नळी घालायला वेळ लागू शकतो. नळी बसल्या बसल्या चिराही पडतो, म्हणजे भूल पुरती चढलेली नसतानाच सर्वांत मोठी वेदना सुरू होते. नेहमीच्या ऑपरेशनमध्ये या दोन गोष्टींच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटं सहज जातात.

एक फरक ध्यानात ठेवा. ऑपरेशन संपताना घशातली नळी काढल्याचं, ‘डोळे उघडा’ असं कुणी म्हटल्याचं आठवणं नेहमीचं आहे, कारण तेव्हा जागं करतच असतात. केटामीन नावाचं भुलीचं औषध दिलं असेल तर विचित्र रंग, उडाल्यासारखं वाटणं, भीतीची स्वप्नं हेही होतं. पण पोटावर ओढाताण, ठरावीक माणसाचं ठरावीक वाक्य आणि हलता न येणं असं तिन्ही एकत्र आठवत असेल, तर ते स्वप्न म्हणून सोडून देऊ नका. तिला आठवतं तसं, तिच्याच शब्दांत आजच लिहून घ्या आणि ज्यांनी भूल दिली त्यांना दाखवा.

प्रश्न (शिरपूर): मला कमरेतून भूल दिली होती. मी जागीच होते, पोटात कुणीतरी ओढतंय, दाबतंय असं कळत होतं. हीच का ती कच्ची भूल?

नाही. कमरेतल्या भुलीत तुम्ही जागंच असायचं असतं. मणक्यात साधारण २ मिलिलिटर जड ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध जातं, त्याने वेदना नेणाऱ्या नसा बंद होतात. ओढ आणि दाब थोडा कळतो, बाळ काढताना छातीखाली जोरात दाबतात तेव्हा तर नक्कीच. कापल्यासारखी, टोचल्यासारखी कळ मात्र यायला नको. चिरा देण्याआधी गार कापूस किंवा स्पिरिट लावून गारवा कुठपर्यंत कळत नाही ते बघतात. छातीपर्यंत कळेनासा झाला पाहिजे. तुम्हाला गार लागत असेल तर ‘हो’ म्हणायला लाजू नका. मध्येच कळ आली तर त्याच क्षणी सांगा. काम थांबवता येतं, शिरेतून वेदनाशामक देता येतं आणि तेवढ्याने भागलं नाही तर पूर्ण भूल देता येते. ‘थोडंच राहिलंय, सहन करा’ हे उत्तर नव्हे.

प्रश्न (अमळनेर): बायकोचे दिवस भरत आलेत. ओळखीचे एक जण म्हणाले, सिझरमध्ये भूल मुद्दाम हलकी देतात, नाहीतर बाळ झोपेतच जन्मतं. मग आईला जाग येणारच ना?

ही समजूत जुनी आहे, आणि एके काळी डॉक्टरांचीही होती. साधारण १९६०-७० पर्यंत थायोपेंटोन या झोपेच्या इंजेक्शनची छोटी मात्रा देऊन पुढे फक्त ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड या सौम्य वायूवर सिझेरियन करत. बाळाची काळजी म्हणून गुंगीचा गॅस टाळत. त्या काळात जाग राहिल्याच्या तक्रारी खूप होत्या. त्यावर थोडा गुंगीचा गॅस जोडायला लागल्यावर तक्रारी घटल्या आणि बाळांचं काही बिघडलं नाही.

असं का, ते सांगतो. थायोपेंटोन वारेतून अर्ध्या मिनिटात बाळाकडे जातं हे खरं. पण नाळेतून आलेलं रक्त बरंचसं आधी बाळाच्या यकृतातून जातं, तिथे औषध अडतं. उरलेलं बाळाच्या बाकीच्या रक्तात मिसळून पातळ होतं. आईच्या रक्तातली पातळीही मिनिटा-मिनिटाला उतरत असते. म्हणून आईला किलोमागे ४ ते ५ मिलिग्रॅम दिलं तर आई झोपते आणि बाळाच्या मेंदूपर्यंत गुंगीची मात्रा पोहोचत नाही. ७-८ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर बाळ सुस्त होऊ शकतं. स्नायूंची औषधं बाळाकडे फारशी जातच नाहीत. गॅस थोडा जातो, पण तो बाळाच्या पहिल्या काही श्वासांबरोबर निघूनही जातो.

बाळाला सुस्ती येते ती बहुधा वेळ लांबल्याने. गर्भाशयाला चिरा दिल्यापासून बाळ ३ मिनिटांच्या आत बाहेर यावं असं बघतात. आईला कच्च्या भुलीत ठेवल्याने बाळाचा फायदा होत नाही, तोटाच होतो. वेदनेने आईच्या रक्तात ॲड्रेनलिन उसळतं आणि गर्भाशयाकडे जाणारं रक्त कमी होतं.

प्रश्न (नंदुरबार जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टर): मी एमबीबीएस, लाइफ सेव्हिंग ॲनेस्थेटिक स्किल्सचं प्रशिक्षण घेतलं आहे. बहुतेक सिझर स्पायनलवर (कमरेतल्या भुलीवर) होतात. कधीतरी रात्री जीए, म्हणजे पूर्ण भूल, द्यावी लागते. गॅसची टक्केवारी दाखवणारा मॉनिटर नाही, भूल किती खोल आहे ते दाखवणारं बीआयएस नाही. थायोपेंटोन, केटामीन, सक्सामेथोनियम (स्नायूंचं औषध), आयसोफ्लुरेन (गुंगीचा गॅस) आणि बेन सर्किट (गॅस नेणारी नळी) एवढं आहे. नेमकं कुठे चुकतं?

तुमच्याकडे जे आहे त्यात सुरक्षित भूल देता येते. बहुतेक चुका चार ठिकाणी होतात: इंजेक्शनची मात्रा, शीर, इंजेक्शन आणि गॅस यांच्यामधली फट आणि शेवटची दहा मिनिटं.

मात्रेपासून सुरू करू. ५०० मिलिग्रॅम थायोपेंटोन २० मिलिलिटरमध्ये विरघळवलं की १ मिलिलिटरमध्ये २५ मिलिग्रॅम येतं. ६० किलोच्या बाईला किलोमागे ५ मिलिग्रॅमने ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १२ मिलिलिटर. ‘सगळ्यांना २५० पुरे’ ही सवय मोडा. ७० किलोच्या बाईला तेवढ्यात किलोमागे साडेतीनच मिलिग्रॅम पडतं. वजन आजचं धरा, तिसऱ्या महिन्यात कार्डावर लिहिलेलं नव्हे. प्रोपोफॉल हे झोपेचं औषध असेल तर किलोमागे २ ते २.५ मिलिग्रॅम. रक्तस्राव होऊन बीपी पडलेलं असेल तर केटामीन किलोमागे १ ते १.५ मिलिग्रॅम, पण बीपी चढलेल्या बाईत ते नको. पूर्ण २० मिलिलिटरची सिरिंज भरा. उरलेलं टाकून द्यायचं नसतं, ते नळी पहिल्या प्रयत्नात गेली नाही तर लागणार आहे.

सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ती ट्रेमध्ये ठेवू नका. झोपेच्या औषधाला पिवळं आणि स्नायूंच्या औषधाला लाल, हा रंगांचा नियम जगभर आहे. विरघळवलेलं थायोपेंटोन फिकट पिवळं दिसतं, काही अँटिबायोटिकही तशीच दिसतात. अँटिबायोटिकची २० मिलिलिटरची सिरिंज त्याच ट्रेमध्ये असेल तर रात्री तीन वाजता अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. मग बाईला झोपेऐवजी अँटिबायोटिक मिळतं आणि वर सक्सामेथोनियम. अँटिबायोटिक सिस्टरांनी भूल सुरू करण्याआधीच देऊन टाकावं आणि ती सिरिंज खोलीच्या दुसऱ्या टोकाला जावी.

आता शीर. १८ नंबरची सुई, सलाईन मोकळं धावत असलेलं आणि हात चादरीबाहेर, डोळ्यांसमोर. सुई शिरेबाहेर गेली तर थायोपेंटोन मांसात जिरतं, हात फुगतो, बाई कळवळते. दुसरं म्हणजे थायोपेंटोन खूप अल्कधर्मी आहे. सलाईन न सोडता त्याच्या पाठोपाठ व्हेक्युरोनियम किंवा रोक्युरोनियम हे स्नायूंचं औषध ढकललं की नळीत पांढरा साका बसतो आणि ऐन वेळी शीर बंद. दोन औषधांच्या मध्ये सलाईन धावू द्या.

भूल सुरू करायची ती पोट साफ करून, चादरी टाकून, सर्जन हातमोजे घालून उभे राहिल्यावरच. डाव्या कुशीकडे १५ अंश कल, घट्ट मास्क, ३ मिनिटं ऑक्सिजन. त्याआधी व्हेपोरायझर (गुंगीचं औषध वायूत मिसळणारं भांडं) स्वतः बघा. खिडकीत पातळी किती आहे, तो नीट बसून लॉक झालाय का, भरायची टोपी घट्ट आहे का. रिकामा किंवा तिरका बसलेला व्हेपोरायझर डायल २ वर दाखवतो आणि देतो शून्य. गॅसचा मॉनिटर नसेल तर हे सांगणारं दुसरं काहीच नाही.

तिसरी जागा सर्वांत महत्त्वाची. थायोपेंटोन मेंदूतून पाच-दहा मिनिटांत उतरायला लागतं, कारण ते बाकीच्या शरीरात पसरतं. आयसोफ्लुरेनला मेंदूत चढायला तेवढाच वेळ लागतो. एक उतरतंय आणि दुसरं अजून चढलं नाही, नेमका तेव्हाच चिरा पडतो. ही फट बुजवायला गॅस सुरुवातीला मुद्दाम जास्त ठेवतात. कॅप्नोग्राफवर (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर) नळी बरोबर बसल्याचं दिसलं की लगेच नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन अर्धे-अर्धे आणि आयसोफ्लुरेन २ टक्के, ५ मिनिटं. पुढची ५ मिनिटं दीड टक्का. मग ०.८. सेव्होफ्लुरेन हा दुसरा गॅस असेल तर सुरुवात ३ टक्क्यांच्या आसपास. गरोदरपणात गॅस साधारण पाव हिश्शाने कमी लागतो असं पुस्तकांत आहे. त्या सवलतीवर विसंबू नका, चिऱ्याला अंग हलायचं थांबणं आणि मेंदू झोपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे तुमचं बेन सर्किट कामाला येतं. त्यात ६ ते ८ लिटर ताजा गॅस सोडला की डायलवरचा आकडा आणि बाईच्या श्वासातला आकडा जवळपास सारखा राहतो. सोडा लाइमच्या सर्किटवर (सोडलेला श्वास गाळून पुन्हा फिरवणाऱ्या) १ लिटर सोडून डायल २ वर ठेवला तर पहिली कित्येक मिनिटं बाईला त्याच्या निम्माही मिळत नाही. सर्किटचं मशीन असेल तर पहिली दहा मिनिटं प्रवाह ६ लिटरच्या खाली आणू नका.

नळी पहिल्या प्रयत्नात गेली नाही तर घड्याळ धावत असतं आणि थायोपेंटोन उतरत असतं. दुसऱ्या प्रयत्नाआधी किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम पुन्हा द्या. मास्कने श्वास देताना आयसोफ्लुरेन चालू ठेवा. घाईत सगळ्यांचं लक्ष घशाकडे असतं, म्हणून ‘झोपेचं औषध पुन्हा’ हे वाक्य मोठ्याने म्हणायचं काम आधीच एका सिस्टरकडे सोपवून ठेवा.

बाळ बाहेर आलं की वेदनेसाठी फेंटानिल किलोमागे दीड-दोन मायक्रोग्रॅम आणि गुंगीसाठी मिडाझोलाम १ ते २ मिलिग्रॅम. ऑक्सिजन चांगला असेल तर नायट्रस ६० टक्क्यांपर्यंत वाढवा. याच वेळी सर्जन म्हणतात, ‘गर्भाशय सैल आहे, गॅस बंद करा.’ गॅस कमी करा, बंद करू नका. आयसोफ्लुरेन ०.६ ते ०.८ टक्क्यांवर असताना गर्भाशय ऑक्सिटोसिनला (गर्भाशय आवळणाऱ्या औषधाला) साथ देतं. रक्त थांबतच नसेल आणि गॅस खरोखर बंद करावाच लागला, तर त्याच मिनिटाला केटामीन किंवा प्रोपोफॉलचे छोटे डोस सुरू झाले पाहिजेत.

सक्सामेथोनियमचा अंमल संपल्याशिवाय पुढचं स्नायूंचं औषध देऊ नका, आणि द्याल तेव्हा कमीत कमी: ॲट्राक्युरियम २० ते २५ मिलिग्रॅम बऱ्याचदा पुरतं. बाई हलू शकत असेल तर भूल कमी पडल्याचं ती हलून सांगते. झटक्यांसाठी किंवा बीपीसाठी मॅग्नेशियम चालू असेल तर स्नायूंचं औषध फार लांबतं, तिथे मात्रा आणखी कमी करा.

शेवटी: गॅस शेवटच्या टाक्याआधी बंद करायची सवय घातक आहे. वर सांगितलेल्या २०१४ च्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश अनुभव भूल चढताना किंवा उतरतानाचे होते. टाके आणि ड्रेसिंग होऊ दे. मग स्नायूंच्या औषधाचा उतारा म्हणून निओस्टिग्मिन २.५ ते ३ मिलिग्रॅम आणि ग्लायकोपायरोलेट ०.५ मिलिग्रॅम, स्वतःचा श्वास खोल येऊ दे, आणि मग गॅस बंद. स्नायू परत आले नसताना जाग आलेल्या बाईला गुदमरल्यासारखं वाटतं. तिचं शुद्धीवर येणं तुम्हाला यश वाटतं, पण तिच्यासाठी ती मरणाची भीती असते.

जाता जाता आपल्या भागाचं. सक्सामेथोनियम २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि भारनियमनात फ्रीज तासन्‌तास बंद राहतो, तेव्हा ते औषध हळूहळू जोर गमावतं. मग स्नायू अर्धवट सैल, नळी अडते आणि तीच फट रुंदावते. बाहेर राहिलेल्या कुपीवर तारीख टाका, दोन आठवड्यांनंतर वापरू नका. वीज गेली तरी बॉईल मशीन (भुलीचं यंत्र) आणि व्हेपोरायझर चालतात, पण मॉनिटरची बॅटरी किती वेळ टिकते ते दिवसा तपासून ठेवा.

प्रश्न (भुसावळ, परिचारिका): नाडी वाढली, बीपी वाढलं, डोळ्यांतून पाणी आलं तर बाई जागी आहे असं समजायचं का? आणि मग आम्ही काय करायचं?

या खुणा दिसल्या तर शंका घ्या, नाही दिसल्या तर निश्चिंत होऊ नका. बीपी उतरवणारं लॅबेटेलॉल दिलेलं असेल तर नाडी वाढणारच नाही. रक्त गेलेलं असेल तर बीपी वाढणार नाही आणि नाडी मात्र दुसऱ्याच कारणाने धावेल. पूर्ण जागी असूनही नाडी-बीपी साधारण राहिलेल्या बायका आहेत.

कपाळाला पट्टी लावून मेंदूच्या लहरी मोजणारं बीआयएस असतं, त्यात ४० ते ६० आकडा चांगल्या भुलीचा. पण केटामीन दिलं की आकडा उगाच चढा दिसतो, नायट्रस ऑक्साइडची त्याला फारशी दखल नसते आणि पट्टी लावण्यात वेळ जाणार असेल तर तातडीच्या सिझरमध्ये त्यासाठी थांबायचं नसतं. श्वासातल्या गॅसचा मॉनिटर जास्त भरवशाचा. ०.७ मॅकच्या (मॅक म्हणजे गॅसचा जोर मोजायचं माप) खाली गेलं की वाजेल असा अलार्म त्यावर लावून ठेवा. एक साधी जुनी पद्धतही आहे, टनस्टॉल यांनी १९७७ मध्ये सिझेरियनमध्येच वापरलेली. स्नायूंचं औषध देण्याआधी एका हाताला बीपीचा पट्टा बांधून फुगवायचा, म्हणजे औषध त्या हातात पोहोचत नाही. मग कानाशी सांगायचं, ‘ऐकू येत असेल तर माझा हात दाबा.’ पट्टा फार वेळ फुगवून ठेवता येत नाही, म्हणून सुरुवातीच्या त्या नाजूक मिनिटांपुरतीच ती उपयोगी.

शंका आली की थांबायचं नाही आणि चर्चाही करायची नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘बाई जागी वाटतेय.’ ते प्रोपोफॉल किंवा थायोपेंटोन देतील. तुम्ही त्याच वेळी डायल, व्हेपोरायझरची पातळी आणि सलाईनचा हात बघा. आणि कुणीतरी एकाने तिच्या कानाशी तिच्या भाषेत बोला: तुझं ऑपरेशन चाललंय, बाळ ठीक आहे, आता पुन्हा झोप येईल, आम्ही इथेच आहोत. काय चाललंय ते कळलं की भीती खूप कमी होते. मिडाझोलामने झालेलं पुसलं जाईल असं समजू नका, ते पुढच्या आठवणी अडवतं, मागच्या नाही. ही गोष्ट वेळेसकट नोंदवहीत लिहा.

पूर्ण भूल चालू असताना टेबलाभोवती घरगुती गप्पा, बाईच्या वजनावर किंवा जातीपातीवर शेरे, ‘मुलगीच झाली’ असले उद्गार कधीच नकोत. कान सर्वांत शेवटी बंद होतात आणि सर्वांत आधी उघडतात.

प्रश्न (धडगाव, आशा कार्यकर्ती): आमच्या पाड्यांवरच्या बायकांना सिझरला पाठवताना भुलीच्या डॉक्टरांना काय सांगायचं?

वजन, शेवटचं जेवण आणि पाणी किती वाजता, आधीच्या ऑपरेशनला भूल कशी गेली, घरात कुणाला भुलीनंतर श्वास यायला फार उशीर लागला होता का. झोपेच्या गोळ्या, फिटच्या गोळ्या किंवा रोजची दारू असेल तर तेही, न लपवता, कारण अशा बाईला भूल जास्त लागू शकते. ‘पाठवलेल्या चिठ्ठीत सगळं आहे’ असं धरू नका, तोंडानेही सांगा. तिला फक्त पावरी किंवा भिली येत असेल तर तिची भाषा येणारी बाई शक्यतो सोबत द्या.

सातपुड्यात सिकलसेल बरंच आहे. लाल किंवा पिवळं कार्ड असेल तर ते हातात द्या. अशा बाईला शक्यतो कमरेतून भूल देतात, आणि तिला गारठा, तहान आणि ऑक्सिजनची कमतरता यांपासून जपावं लागतं. रुग्णवाहिकेत पांघरूण ठेवा.

प्रश्न (पाचोरा): पत्नीच्या सिझरला चार महिने झाले. पूर्ण भूल होती. ती रात्री दचकून उठते, दवाखान्याचा वास आला तरी थरथरते. रुग्णालयात सांगितलं तर म्हणाले, सगळं ठीक झालं होतं. पुढच्या वेळी काय करायचं?

पुढच्या वेळेआधी आत्ताचं बघू. २०१४ च्या त्या पाहणीत, जाग आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना तेव्हा तीव्र त्रास झाला होता आणि ४१ टक्क्यांना तो नंतरही राहिला. तुम्ही लिहिलेली लक्षणं त्यातलीच आहेत. यावर उपचार आहेत आणि ते लवकर सुरू केलेले बरे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे जाणं जड वाटत असेल तर टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

तिला आधी पाच गोष्टी विचारा, शांतपणे, दुसरं कुणी नसताना. झोप लागण्याआधीचं शेवटचं काय आठवतं? जागं झाल्यावरचं पहिलं काय आठवतं? त्या दोन्हींच्या मध्ये काही आठवतं का? स्वप्न पडलं का? सगळ्यांत वाईट काय वाटलं? १९७० सालापासून भूलतज्ज्ञ हेच प्रश्न विचारतात, आणि एकदा नाही तर शुद्धीवर आल्यावर, दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा महिनाभराने. कारण काहींना आठवण उशिरा येते. उत्तर तिच्या तोंडी अहिराणीत येत असेल तर अहिराणीतच लिहा, सुधारू नका.

मग रुग्णालयात लेखी अर्ज करून भुलीच्या नोंदीची प्रत मागा. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांच्या आचारसंहितेत आहे. त्या कागदावर बघायचं ते एवढं: कोणतं झोपेचं औषध किती मिलिग्रॅम आणि किती वाजता, नळी किती वाजता, किती प्रयत्नांत, गॅस किती वाजता सुरू झाला, चिरा किती वाजता आणि गॅस बंद केव्हा. बऱ्याचदा कारण या वेळांच्या मधल्या अंतरातच सापडतं. ती सांगते त्या आठवणी या वेळांशी जुळवून दाखवणारा भूलतज्ज्ञ मिळाला, तर तिला आपण वेडे नाही हे कळतं. शक्य असेल तर ज्यांनी भूल दिली त्यांनीच समोर बसून हे सांगावं आणि वाईट वाटल्याचं म्हणावं.

पुढचं बाळंतपण असेल तर सातव्या-आठव्या महिन्यात भूलतज्ज्ञांना ही प्रत आणि तिने सांगितलेलं दाखवा. बहुतेक वेळा कमरेतल्या भुलीने काम होईल, आणि ऑपरेशन ठरवून दिवसा करता येईल. प्लेटलेट खूप कमी, रक्त पातळ करणारी औषधं, एकदम मोठा रक्तस्राव किंवा बाळाचे ठोके अचानक पडणं अशी वेळ आली तर पूर्ण भूल पुन्हा लागू शकते. तेव्हा किती मात्रा, गॅसचा मॉनिटर आहे का, नळीला वेळ लागला तर झोपेचं औषध पुन्हा कोण देणार, हे त्या भेटीतच विचारा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने ‘आधीच्या पूर्ण भुलीत जाग आली होती’ असं लिहून घ्या, म्हणजे मध्यरात्री दुसरेच डॉक्टर असले तरी त्यांच्या ते नजरेस पडेल.